पद्मिनीच्या हेडलाईटसाठी नाना पेठेतला वायरमन: काम एक नंबर, पण घाई असेल तर जाऊ नका

ज्यांना सगळं पुराण वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधी निकाल सांगून टाकते. काम एक नंबर, दर वाजवी, वेळेच्या नावाने बोंब. पाचपैकी चार स्टार, आणि पाचवा का कापला ते खाली येईलच.

दुकानाचं नाव विचारू नका कारण दुकानाला पाटीच नाहीये. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांच्या गल्ल्यांमध्ये शिरायचं आणि कुठल्याही काउंटरवर "जुन्या फियाटचं वायरिंग कोण करतं" विचारायचं, दोघे-तिघे एकाच दिशेला बोट दाखवतात. एक शटर, आत एक बाकडं, भिंतीवर खिळ्याला लटकलेल्या वायरींचे भेंडोळे आणि एक सत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तरुणपणी बरीच वर्षं मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्स्यांचं वायरिंग करायचे, म्हणजे आमची गाडी त्यांना आतूनबाहेरून पाठ.

आमची गाडी म्हणजे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, लोकांच्या भाषेत फियाटच. बाबांची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, आणि घरात तिचा मान माझ्यापेक्षा जास्त आहे हे मी कधीच मान्य केलंय. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात ती पण रस्त्यावरून गेली, त्या दिवशी बाबा टीव्हीसमोर असे बसले होते जसं काही घरातलंच कोणी गेलं. असो.

प्रॉब्लेम काय होता तर लाईट. म्हणजे लागत होत्या, पण लागल्यात हे आपल्याला माहित म्हणून. मागच्या दिवाळीत वाईहून रात्री परत येत होतो, खंबाटकीच्या बोगद्यात उजेड असतो त्यामुळे काही कळलं नाही, बोगदा संपला आणि पुढे ते उताराचं एस वळण आलं तेव्हा लक्षात आलं की आपल्या पुढे फक्त दोन पिवळे डाग आहेत आणि रस्ता मागून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात दिसतोय. त्या ट्रकवाल्याचे उपकार, तो शिरवळपर्यंत मागेच राहिला. आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होती, आम्हाला वाटलं सवयीने म्हणतेय, नंतर म्हणाली नाही, तुमच्यामुळे म्हणत होते.

बरं एवढंच नाही. डावा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचा टेल लाईट पण त्याच्या तालावर मंद-तेज व्हायचा. ब्रेक दाबला की पार्किंग विझल्यासारखी. हेडलाईट लावल्या की पेट्रोलचा काटा हलायचा. आणि फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज, ते जुन्या गाड्यांत असतात ना दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये पत्र्याची पट्टी असलेले, तो बोटाने जरा गोल फिरवला की उजवी लाईट यायची. बाबांनी हे फिरवणं म्हणजे गाडी चालवायचा एक भागच करून टाकलं होतं. क्लच, गिअर, फ्यूज.

अण्णांकडे जायच्या आधी आम्ही दुसरीकडे पैसे घातले ते पण सांगते म्हणजे तुमचे वाचतील. एक चकाचक गॅरेज, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन. नाव लिहिणार नाही. त्यांनी गाडी बघितली, कौतुक केलं, फोटो काढले आणि शंभर-नव्वद वॅटचे बल्ब टाकून दिले. घरी येईपर्यंत बरं वाटलं. चार दिवसांनी स्टिअरिंगखालची लाईटची दांडी हाताला चटका बसेल एवढी गरम आणि प्लास्टिक जळल्याचा वास. आता साधा हिशोब आहे, शंभर वॅटचे दोन बल्ब म्हणजे दोनशे वॅट, बारा व्होल्टने भागलं की साडेसोळा अँपिअरच्या वर करंट, आणि तो सगळा चाळीस वर्षांच्या बारीक वायरमधून आणि त्या दांडीतल्या एवढ्याशा स्विचमधून, कारण आमच्या गाडीत हेडलाईटला रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नव्हताच. हे मला आत्ता कळतंय, तेव्हा मी पण कॉफी पीत बसले होते.

परत गेलो तर म्हणे मग एलईडी टाकू, करंट कमी लागतो. टाकले. पांढराशुभ्र उजेड, पण रस्त्यावर नाही, झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर मारतोय आणि बाबा खिडकीतून हात काढून सॉरी म्हणतायत. हे का होतं ते नंतर अण्णांनी दाखवलं, जुन्या डूमचा (हेडलाईटचा काच आणि आरशाचा गोल भाग) आरसा ज्या बारीक फिलामेंटसाठी बनवलाय ते फिलामेंट ठराविक जागी असतं, एलईडीच्या पट्ट्या त्या जागी तशा बसतच नाहीत, मग उजेड वाटेल तिकडे उडतो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पूर्ण नवीन वायरिंगचं एस्टिमेट हातात ठेवलं, अठ्ठावीस हजार. बाबा म्हणाले पाणी द्या जरा. कॉफी नाही घेतली.

पुढच्या महिन्यात आरटीओत पासिंग होतं, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी असतं ते, आणि लाईट नीट नसतील तर तिथूनच परत. कोणीतरी सुचवलं की विंटेजमध्ये टाका, पण २०२१ चा तो नियम पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांसाठी आहे, आमचीला अजून वेळ आहे आणि तसंही विंटेज केली की रोजच्याला वापरता येत नाही, बाबा तिच्यातून भाजी आणतात.

तर मग अण्णा. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी आमच्याकडे बघितलं पण नाही, अर्धा तास एका रिक्षाचा हॉर्न चालू होता. मग उठून आले, बॉनेट उघडलं, शंभरचा बल्ब बघितला (एलईडी आम्ही काढून आणले होते) आणि म्हणाले, "कोन म्हन्लं तुमाला ह्यो टाकायला?" मी काहीच बोलले नाही. बाबांनी त्यांची थिअरी मांडली, बॅटरी वीक झालीये आणि वायरिंग मात्र ठणठणीत आहे, कारण त्यांनी घरी हेडलाईटचा प्लग काढून मीटर लावला होता आणि साडेबारा व्होल्ट आले होते. अण्णा हसले.

आता इथे जरा थांबून नीट लिहिते कारण ह्याच एका गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

अण्णांनी आधी साठ-पंचावन्नचे साधे हॅलोजन बल्ब लावले, गाडी चालू केली, लाईट लावल्या आणि लाईट चालू असतानाच मीटर लावला. बॅटरीवर १३.८. मग प्लगच्या मागून टोक घुसवून बल्बच्या दोन टोकांमध्ये मोजलं, १०.६. "बल्ब चांगलाय ताई, त्याला खायालाच मिळंना. तिकडं तेरा-आठ, हितं धा-सहा. मधले तीन कुठं जिरत्यात ते बघू."

बाबांचं चुकलं ते हेच. प्लग काढून मोजलं की वायरमधून करंटच वाहत नाही, मग वायर एका धाग्यावर लटकत असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लोड पाहिजे. अण्णांकडे म्हणून एक टेस्ट लॅम्प आहे, इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब होल्डरमध्ये, दोन वायरी आणि टोकाला चिमटे, बस. त्याने वायर तपासली की मेलेली वायर लगेच कळते, बल्ब नुसता लाल होतो. आणि व्होल्टेज आणि उजेड ह्यांचा हिशोब सरळ नसतो, व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीसेक टक्के पडतो. आमचं तर तेवीस टक्के पडलं होतं, म्हणजे उजेड निम्म्याच्या खाली. ते दोन पिवळे डाग उगीच नव्हते.

मग त्यांनी एक लांब वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या प्लसला चिमट्याने लावलं, दुसरं मीटरला, आणि मीटरचं दुसरं टोक घेऊन रस्त्याने चालत गेल्यासारखं एकेक ठिकाण. लाईट चालूच. फ्यूजच्या पुढे ०.७. दांडीतल्या स्विचच्या पुढे १.५. बल्बच्या टोकाशी २.१. मग तेच उलट, बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थपर्यंत (करंट परत जायचं टोक), १.१. बाबा शेजारी उभे राहून जुन्या पाकिटाच्या मागे आकडे लिहून घेत होते, बेरीज ३.२ बरोबर आली तेव्हा त्यांनी ज्या नजरेने अण्णांकडे बघितलं ती मी दहावीच्या निकालाला पण बघितली नव्हती. दहा मिनिटं लागली ह्या सगळ्याला. दहा! आम्ही तीन महिने बल्ब बदलत होतो.

खरी मजा अर्थची. ह्या गाड्यांत प्लसची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत जाते पण परत यायचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. हेडलाईटची काळी वायर पुढच्या पत्र्याला स्क्रूने पकडलेली असते आणि आमच्या गाडीला दोन वेळा कलर मारलाय, म्हणजे थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) कलर, स्क्रूखाली कलर, आणि उरलेल्या जागी गंज. अण्णांनी स्क्रू काढला तर थिंबल हिरवं कच्च. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, नवीन थिंबल डाग देऊन बसवलं, दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलीन. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये एक तांब्याच्या जाळीची पट्टी असते, ती अर्धी तुटली होती, ती पण बदलली. ती पट्टी गेली ना की स्टार्टर मारताना करंट मिळेल त्या वाटेने जातो, चोकची केबल, ॲक्सिलेटरची केबल, आणि केबल गरम झाली म्हणून लोक केबल बदलतात.

टेल लाईटचं भूत पण अर्थच निघालं. डाव्या होल्डरला बॉडीचा अर्थ मिळत नव्हता मग इंडिकेटरचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा वाट काढत होता, म्हणून दोन्ही एकत्र नाचत होते. तुमच्या गाडीत एक दिवा लावल्यावर दुसरा भलताच दिवा मिणमिणत असेल तर बल्ब नका बदलू, आधी अर्थ बघा. उजव्या बाजूला वेगळाच किस्सा, ब्रेक-पार्किंगच्या डबल फिलामेंटच्या बल्बला दोन पिना असतात त्या मुद्दाम वर-खाली असतात म्हणजे उलटा बसू नये, पण आधीच्या कुठल्यातरी महाभागाने होल्डर वाकवून उलटा बसवला होता. म्हणजे इतकी वर्षं आमचं पार्किंग ब्रेकइतकं तेज आणि ब्रेक पार्किंगइतका मंद. मागच्याला काय कळत असेल देव जाणे.

हेडलाईटला अण्णांनी दोन रिले टाकले, एक अप्परला एक डिपरला. बॅटरीपासून सरळ जाड वायर, अडीच एमएमची, आणि डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी एक डोळा शिल्लक. दांडीतल्या स्विचला आता फक्त रिलेचं कॉइल ओढायचंय, तो करंट पाव अँपिअर पण नसतो, त्यामुळे तो स्विच आता बाबांच्या आधी जात नाही असं बाबाच म्हणतात. मला आवडलं ते हे की मूळ वायरिंग कुठेही कापलं नाही. हेडलाईटचा जुना प्लग तोच रिलेला ट्रिगर देतो, उद्या रिले काढून टाकले तर गाडी होती तशी. मूळ रूप जपणाऱ्या मंडळींनी हे वाचलं असेल तर जीवात जीव आला असेल.

डूमचा आरसा काळवंडला होता तो मात्र वाचला नाही. सात इंची गोल डूम, जीपला आणि अँबॅसिडरला येतो तोच, गल्लीत तीन दुकानं फिरून एक जोडी घेतली. एक सांगते, बाहेरच्या देशातून मागवायच्या भानगडीत पडू नका. माझ्या ओळखीच्या एकाने अमेरिकेतून मस्त दिसणारी जोडी मागवली आणि तिची काच उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्यांसाठी, म्हणजे डिपरचा झोत उजवीकडे वर उचललेला, आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात. आपल्याला डावीकडे उचलणारी पाहिजे.

शेवटचं फोकस सेटिंग संध्याकाळी अंधार पडल्यावर समोरच्या गोदामाच्या भिंतीवर झालं. गाडी पंचवीस फुटांवर उभी, भिंतीवर खडूने डूमच्या मध्याच्या उंचीची रेघ, आणि डिपरची वरची कड त्या रेघेच्या चार बोटं खाली. बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवलं होतं कारण "मानूस बसल्यावर गाडी बसती". ह्याला कुठलं मशीन नाही, खडू. तो पण शेजारच्या टपरीवरून आणलेला.

सगळं झाल्यावर बल्बवर १३.३.

आता पाचवा स्टार. तीन दिवस सांगितले, अकरा लागले. रोज फोन केला की "आज संध्याकाळी". मधले दोन दिवस तर कोणाच्या लग्नाला गेले होते आणि गाडी गल्लीत उभी, परत मिळाली तेव्हा टपावर कबुतरांनी नक्षी काढलेली. बिल मिळत नाही, पाकिटाच्या मागे लिहून देतात (आमचंच पाकीट, बाबांच्या आकड्यांच्या खाली). नवीन वायरी सगळ्या लाल टाकल्यात, अप्पर पण लाल डिपर पण लाल, मी म्हणलं अण्णा उद्या दुसऱ्या कोणाला कळणार कसं तर म्हणाले दुसऱ्याकडं कशाला जाताय. मग मीच घरी येऊन टेपचे तुकडे लावून नावं लिहिली. उजव्या डूमच्या चकचकीत रिंगचा एक स्क्रू विसरला होता, खड्ड्यात खडखडली तेव्हा कळलं. आणि नंबरप्लेटचा दिवा तसाच राहिला तो मी लावला, होल्डर घासून.

पैसे सगळे मिळून सहा हजार दोनशे झाले, त्यात डूम, बल्ब, रिले, वायर, मजुरी सगळं आलं. अठ्ठावीसच्या एस्टिमेटपुढे काहीच नाही. गुगल पे चालतं पण ते त्यांच्या नातवाच्या फोनवर जातं, नातू नसेल तर रोख ठेवा जवळ.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारनंतर गल्लीत चारचाकी शिरत नाही. प्रॉब्लेम कागदावर लिहून न्या, कुठला दिवा लावल्यावर कुठला मंद होतो ते, अण्णांना असला कागद फार आवडतो. घाई असेल, सर्व्हिस सेंटरची सवय असेल, किंवा बिल क्लेम करायचं असेल तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. आणि आपली गाडी उघडलेली बघवत नसेल तर बाबांसारखं एक स्टूल घेऊन बाजूला बसा, अकरापैकी सात दिवस ते तिथेच होते, आता आईला पण सांगतात मिक्सर चालत नसेल तर आधी लोड देऊन बघ.

पासिंग झालं. एकच तक्रार घेऊन परत गेलो होतो. अर्थ नीट झाल्यापासून पेट्रोलचा काटा हलत नाही, पण आधी जिथे अर्धी टाकी दाखवायचा तिथे आता पाव दाखवतो. बाबा म्हणाले काहीतरी बिघडवलंय तुम्ही. अण्णांनी टाकीचं झाकण उघडलं, एक स्वच्छ काडी आत घातली, बाहेर काढून बाबांच्या हातात दिली आणि परत रिक्षाच्या हॉर्नकडे वळले.